‘खबरी’ : जंगलातून बाहेर आलेल्या दादांना खुलं पत्र

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत बंदुका खाली ठेवलेल्या, आणि त्याच्या आगेमागे नक्षल चळवळ सोडून जंगलातून बाहेर आलेल्या सर्वांस,

सेवा जोहार.

‘लाल सलाम’ म्हणून सुरुवात करणं मला जमणार नाही आणि ‘माननीय’ म्हणवत नाही. गावातली माणसं तुम्हाला दादा म्हणत आली, तेव्हा मीही दादाच म्हणतो. त्या दादा म्हणण्यात मान किती होता आणि भीती किती, याचा हिशेब कुणी मांडला नाही. मीही मांडत बसत नाही.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. मूळचा ब्रह्मपुरीकडचा, झाडीपट्टीतला. नोकरीची पहिली ऑर्डर भामरागड तालुक्यातली निघाली तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. ‘चार वर्षं काढ, बदली होईल,’ असं सगळे म्हणाले. भामरागड आणि एटापल्ली या दोनच तालुक्यांत सव्वीस वर्षं गेली. आधी बदली मागून मिळाली नाही, पुढं पुढं मी मागायचंच सोडलं. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटायचं, आणि माझं गाव भामरागडच्याही पलीकडे. त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

तुमच्यातल्या काहींनी मला पाहिलेलं असेल. मी तुम्हाला पाहिलंय, बहुतेकदा रात्री. शाळेच्या व्हरांड्यात ताडपत्री अंथरून तुम्ही झोपायचात आणि उजाडायच्या आत निघून जायचात. मागे विडीची थोटकं आणि भाताची शितं. मुलं यायच्या आधी मी व्हरांडा झाडून घ्यायचो. एकदा तुमच्यातली एक पोरगी माझ्याकडून खडूचा डबा मागून घेऊन गेली. वय असेल सोळा-सतरा. जाताना थांबली आणि विचारलं, ‘गुरुजी, प्रार्थना अजून तीच म्हणता का?’ कुठल्या तरी आश्रमशाळेतून आत गेलेली होती. मला तुम्ही कधी हात लावला नाही, धमकावलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं मी स्वतःच्या दुखण्यातून लिहितोय असं कुणाला वाटायला नको. ते दुसऱ्यांचं दुखणं आहे. माझा त्यात वाटा आहे, तो येईल.

१५ ऑक्टोबरचा कार्यक्रम मी आलापल्लीत एका हॉटेलात चहा पिता पिता पाहिला. टीव्हीचा आवाज बंद होता. ६१ माणसं, ५४ शस्त्रं. पुढे भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोचे सदस्य, ज्यांचं नाव आम्ही आयुष्यभर कुजबुजीतच ऐकलं. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला त्यांच्या पत्नी तारक्का अशाच बाहेर आल्या होत्या. हॉटेलात कुणी फारसं बोललं नाही. ‘म्हातारे झाले की,’ एवढंच शेजारचा एक जण म्हणाला. खरंच झाले होते. साधारण माझ्याच वयाचे दिसत होते.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रात्री कुत्री भुंकली की उठून बसणारी माणसं मी फार पाहिली आहेत, त्यांच्यासाठी बरं वाटलं. त्या खडूवाल्या पोरीसाठीही वाटलं, ती अजून असेल तर. मग भजी समोर आली, ती वर्तमानपत्राच्या तुकड्यावर होती, आणि का कोण जाणे, मला एकदम एक दुसराच कागद आठवला.

एकरेघी वहीचं मधलं पान. लाल शाई. दोन ठिकाणी शाई फुटलेली, कारण दव पडलं होतं.

सकाळी सकाळी दोन बाया मला बोलवायला आल्या. ‘गुरुजी, कागद वाचायचा आहे.’ चाळीस घरांचं गाव, वाचता येणारे माझ्याखेरीज दोघे, आणि ते दोघे त्या सकाळी कुठेतरी निघून गेले होते. गावाबाहेर येनाच्या झाडाखाली तो पडला होता. कसा पडला होता ते लिहीत नाही. कागद त्याच्या अंगावर दगडाखाली दाबून ठेवलेला होता. त्याची बायको जवळ बसलेली, आणि तिच्या लुगड्याला धरून तिचा मुलगा. चौथीत होता, माझ्या वर्गात.

कागदावर जे असतं तेच होतं. पोलिसांचा खबरी होता, जनतेने त्याला मृत्युदंड दिला, जो कुणी खबरी होईल त्याची हीच गत होईल. खाली एरिया कमिटी. तुम्हाला तो मजकूर पाठ असेल. गडचिरोलीतल्या अर्ध्या शिक्षकांना तो पाठ आहे, कारण गावात कागद आला की वाचायला गुरुजीलाच बोलावतात.

बाईला मराठी येत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, काय लिहिलंय. मी माझ्या मोडक्या माडिया बोलीत सांगितलं, ‘लिहिलंय की चूक झाली. दुसऱ्याला न्यायला आले होते.’

हे मी का बोललो याचं नीट उत्तर माझ्यापाशी आजही नाही. पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता, हे एक. आणि दुसरं म्हणजे तो माणूस तालुक्याला वारंवार का जायचा हे मला माहीत होतं. मुलाला चांगल्या आश्रमशाळेत घालायचं तर जातीचा दाखला लागतो, दाखल्याला जुने पुरावे लागतात, पुराव्यासाठी तहसीलच्या पाच-सहा वाऱ्या होतात. त्याला त्या वाऱ्या करायला मीच लावलं होतं. एकदा परतीला पाऊस लागला म्हणून तो पोलीस ठाण्याच्या पत्र्याखाली तासभर उभा राहिला. हेही त्यानंच मला सांगितलं, हसत हसत. तेवढं तुमच्या कुणीतरी पाहिलं असणार. तुमच्या पुराव्याच्या वहीत त्याच्या नावापुढे याहून जास्त काही असेल तर ते मला वाचायचं आहे.

चार दिवसांनी पोलीस आले. पंचनामा झाला. कागद ते घेऊन गेले.

त्या कागदातला ‘जनता’ हा शब्द माझ्या घशाशी अजून अडकतो. जनता त्या रात्री दारं ओढून घरात बसली होती. त्यातला एक मी. जनअदालत भरली असं नंतर म्हणाले, पण त्या गावात माझ्या ओळखीचा एकही माणूस त्या अदालतीला गेला नव्हता. दुसऱ्या गावांत खरोखरच भरायच्या, ते मला माहीत आहे. सगळ्यांना बसवायचे, विचारायचे, याला काय शिक्षा करायची? मागे बंदुका घेतलेली पोरं उभी. तिथे माणूस काय बोलणार, आणि जो काही बोलणार नाही त्याचं मौन कुणाच्या खात्यात जमा धरणार?

आता तुम्ही म्हणाल, एका प्रकरणावरून सगळ्यांना झोडपू नका. बरं. सगळ्यांना ठाऊक असलेली दोन घेऊ.

२२ एप्रिल २०१८. भामरागड तालुक्यात बोरिया-कसनासूरजवळ चकमक झाली. ती आणि पाठोपाठची राजाराम खांदल्याजवळची, दोन्ही मिळून तुमचे ४० जण गेले. पोलिसांना बातमी दिली कुणी? नऊ महिने तुम्ही शोधलंत म्हणे. जानेवारी २०१९ मध्ये कसनासूरच्या गावकऱ्यांना उचलून नेलंत आणि त्यातल्या तिघांचे मृतदेह कोसफुंडी फाट्याजवळ रस्त्यावर टाकलेत. वर बॅनर, चाळीस जणांच्या मृत्यूला हे जबाबदार. भीतीनं गावातली माणसं घरं सोडून पोलीस ठाण्याच्या आसऱ्याला गेली. हे मला फार बोचतं. ज्या ठाण्याशी बोलला म्हणून माणसाला मारायचं, त्याच ठाण्यात आख्ख्या गावाला राहायला तुम्हीच पाठवलंत.

दुसरं ताजं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कियर गावात भामरागड पंचायत समितीच्या माजी सभापतींना मारलं गेलं. आरोप काय, तर पेनगुंड्याला पोलीस कॅम्प उघडायला मदत केली. म्हणजे तारक्का बाहेर आल्यावर जेमतेम महिनाभरात आणि भूपती बाहेर यायच्या आठ महिने आधी. युद्ध संपत आलंय हे वरच्यांना कळत होतं तेव्हाही खाली चिठ्ठ्या लिहिणं चालूच होतं.

गडचिरोली जिल्ह्यात १९८० पासून असे पाचशेहून जास्त सामान्य नागरिक तुमच्या हातून मेले, असं पोलिसांचं रेकॉर्ड सांगतं. त्यातले बहुसंख्य आदिवासी, तुम्ही ज्यांच्यासाठी लढत होतात तेच. पोलीस त्यांच्या सोयीनं मोजतात म्हणाल तर तुम्ही तुमची मोजणी द्या. मला तीच हवी आहे.

‘खबरी’ हा शब्द किती स्वस्त होता, हे बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी थोडं लिहितो. माडिया माणूस खबरी व्हायला काय लागायचं? मोबाइल घेतला, झाला. पुतण्या पोलिसांच्या सी-६० पथकात भरती झाला, झाला. पोलिसांच्या मेळाव्यातून छत्री किंवा धोतर आणलं, झाला. बाळंतीण अडली आणि पोलिसांच्या गाडीतून दवाखान्यात नेली, झाला. रस्त्याच्या कामावर मजुरीला गेला, तेंदूपानांच्या फडावर मुन्शीशी जादा बोलला, ग्रामपंचायतीला उभा राहिला. २०१२ च्या सुमारास तर तुमच्या धमकीनं या जिल्ह्यात शेकडो ग्रामपंचायत सदस्यांनी राजीनामे दिले. आणि यातलं काहीच केलं नाही पण शेजाऱ्याशी बांधावरून भांडण आहे, तरी पुरायचं. शेजारी रात्री तुमच्या कानाला लागला की काम झालं. कितीतरी चिठ्ठ्यांच्या मागे वर्गसंघर्ष नव्हता, बांध होता. हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुमच्यातलेच, आधी बाहेर आलेले काही जण खासगीत बोललेत.

आणि पोलिसांशी बोलायचं नाही म्हणजे काय करायचं? रात्री दलम, म्हणजे तुमची सशस्त्र तुकडी, यायचं, वीस जणांचा भात मागायचं. नाही म्हणायची कुणाची छाती? सकाळी पोलीस यायचे. भांडं मोठं का, राख इतकी का, कोण जेवलं? गप्प बसला तर नक्षल समर्थक. बोलला तर खबरी. रात्रीचं जेवण आणि सकाळचा मार एकाच चुलीपुढे. इकडे सी-६० मध्ये माडिया-गोंड पोरं, तिकडे दलममध्ये माडिया-गोंड पोरं, कधी एकाच गावची, कधी एकाच आजीची. त्यांच्या मधे तो चूल पेटवणारा.

तुम्ही विचाराल, सरकारला नाही का विचारत? विचारतो. गट्टेपल्लीची आठ पोरं त्याच २०१८ च्या एप्रिलमध्ये लग्नाला म्हणून निघाली आणि परतली नाहीत. घरचे म्हणत राहिले की ती नक्षल नव्हती, पोलीस म्हणत राहिले की चकमकीत मेलेली ती पोरं नुकतीच भरती झाली होती. इंद्रावतीच्या पलीकडे, छत्तीसगडमध्ये, २००५ पासून सलवा जुडुम या सरकारी पाठबळाच्या नक्षलविरोधी मोहिमेनं जे केलं ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये न्यायालयानं आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी करून लढवणं घटनाबाह्य ठरवलं. सारकेगुड्यात २०१२ मध्ये सतरा गावकरी मारले गेले, आणि ते नक्षलवादी असल्याचा पुरावा नाही, असं न्यायालयीन आयोगानं सांगायला सात वर्षं लागली. पण त्या बाजूला निदान एक दार आहे, ते कितीही उशिरा उघडो. अर्ज करता येतो, आयोग बसतो, न्यायाधीश अहवाल लिहितो, वर्तमानपत्रात छापून येतो. तुमच्याकडे अपील कुठे करायचं होतं? येनाच्या झाडाखाली?

म्हणून हे पत्र तुम्हाला. सरकारला दुसरं लिहीन.

तुमची चांगली बाजू मी नाकारत नाही. मला ती सांगणारी म्हातारी माणसं भेटली आहेत. १९८० साली तुमचे पहिले लोक सिरोंच्याकडून आले. त्याच साली मोयाबिनपेठ्याला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीनं गेला, ज्याला तुम्ही इथला पहिला शहीद मानता. त्या आधी जंगलखात्याचा साधा गार्ड गावात आला तरी कोंबडी कापावी लागायची, नाहीतर सरपणाची मोळीही गुन्हा. तेंदूच्या पुड्याला मिळायचे ते पैसे सांगायलाही लाज वाटावी. तुम्ही आलात, ठेकेदार वठणीवर आले, तेंदूचे आणि बांबूतोडीचे दर वाढले, गार्डांची कोंबडी बंद झाली. हे झालं. म्हणून तर तुम्हाला भात मिळाला. पहिली काही वर्षं मागावाही लागला नसेल.

पुढे त्याच ठेकेदाराकडून तुम्हाला तेंदूच्या हंगामात रक्कम पोचायला लागली, आणि मग तो तुमचाही ठेकेदार झाला. इथून पुढची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. तिथल्या लोकांनीही जंगल मागितलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुमच्या कुठल्याही घोषणेपेक्षा मोठी होती. अभ्यासगट बसवले, एकमतानं निर्णय घ्यायची सवय लावली, कंटाळा येईस्तोवर बैठका घेतल्या. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली अठराशे हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. आज कोरचीकडच्या, एटापल्लीकडच्या ग्रामसभा स्वतः तेंदू विकतात. सगळं गोड नाही, भांडणं आहेत, पैशाचे घोळ आहेत. पण त्या रस्त्यावर कुणाला दगडाखाली कागद ठेवावा लागला नाही. आणि तुमच्या भागातल्या गावांना हा रस्ता धरायला उशीर झाला, कारण सभा म्हटलं की लोकांना आधी ती दुसरी सभा आठवायची. ग्रामसभेच्या सहीचा कागद घेऊन तहसीलला जायला माणूस मिळायचा नाही. कशाला मिळेल?

या सगळ्याचा हिशेब मी मागत नाही. ते पुस्तकं लिहिणारे मागतील. माझं मागणं लहान आहे.

तुमच्याकडे नोंदी होत्या. तुमचा पक्ष कागदाचा मोठा भोक्ता. जंगलातल्या तळांवर लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, ठरावांच्या चळती सापडल्याच्या बातम्या आम्ही वाचत आलो. सप्टेंबर २०२५ मध्ये तुमच्या प्रवक्त्याच्या, ‘अभय’च्या नावानं सशस्त्र लढा थांबवायचं पत्रक निघालं, तेही नीट मुद्देसूद होतं. मग कुठल्या कमिटीनं कुणाला ‘खबरी’ ठरवलं, कोण बैठकीला होतं, पुरावा काय होता, हे तुमच्या डोक्यात तरी असणारच. ते लिहून द्या. एकेका गावाचं, एकेका माणसाचं. जे नेले आणि ज्यांचं प्रेतसुद्धा घरच्यांना मिळालं नाही, त्यांना कुठे ठेवलं ते सांगा. नाल्याच्या कुठल्या अंगाला, कुठल्या झाडापाशी. माडिया माणसाला झाड सांगितलं की पुरतं.

आणि जिथे चूक झाली तिथे ‘चूक झाली’ हे दोन शब्द नावानिशी लिहा. चळवळीच्या काही धोरणात्मक चुका झाल्या, कार्यपद्धतीत उणिवा राहिल्या, असलं नको. ते तुम्ही आधीही लिहिलंय आणि त्यात एकाही माणसाचं नाव नसतं.

आत्मसमर्पणाच्या योजनेत तुम्हाला पैसे मिळतील, राहायला जागा मिळेल, काम शिकवतील. मिळू दे. त्यावर जळणारी माणसं आहेत, मी त्यातला नाही. न मिळालं तर तुम्ही परत आत जाल, ते आम्हाला परवडायचं नाही. पण १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवानांबरोबर एक गाडीचा चालक गेला, तो पोलीस नव्हता, भाड्याच्या गाडीवरचा साधा ड्रायव्हर. अशा माणसाच्या घरी कागद पुरे करता करता काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. नागरिक बळींच्या कुटुंबाला केंद्राची ५ लाखांची मदत आहे. त्यासाठी मृत्यू कशानं झाला याचा कागद, वारस कोण याचा कागद, आणि मेलेला स्वतः त्या भानगडीतला नव्हता याचाही कागद. तुम्ही लिहून दिलेल्या एका ओळीनं यातलं एखादं टेबल तरी कमी होईल.

आता तो मुलगा.

त्याचं पुढचं शिक्षण झालं, दाखलाही अखेर मिळाला. आता सव्विशीत असेल. ग्रामसभेच्या हिशेबाचं काम करतो, मोटारसायकलवर फिरतो, माझ्यापेक्षा चांगलं मराठी लिहितो. आईच्या मदतीच्या अर्जासाठी त्यानं मागच्या वर्षी जुन्या गुन्ह्याची कागदपत्रं काढली. एफआयआरच्या प्रतीत त्या चिठ्ठीचा मजकूर शब्दाला शब्द उतरवलेला होता.

रात्री नऊच्या पुढे त्याचा फोन आला. रेंज जात-येत होती.

‘गुरुजी, तुम्ही त्या दिवशी खोटं वाचलं.’

मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार. मग मी बोलत सुटलो. तुझा बाप खबरी नव्हता, मला माहीत आहे, तो तुझ्या दाखल्यासाठी जायचा, पाऊस लागला म्हणून थांबला होता, मीच त्याला पाठवायचो, मी कुठेही सांगायला तयार आहे, लिहून द्यायला तयार आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

‘आणि असता तर?’

मला समजलं नाही.

‘असता खबरी, गुरुजी. सांगितलं असतं एखाद्या पोलिसाला, की काल इतके जण आले होते, भात खाल्ला. मग बरोबर होतं का?’

रेंज गेली. पुन्हा लागली तेव्हा तो आईच्या तब्येतीचं बोलत होता.

दादांनो, इतकी वर्षं मी त्या माणसाची बाजू मनातल्या मनात तुमच्याच अदालतीत मांडत होतो. तो निर्दोष होता, पुरावा नव्हता, पाऊस होता. म्हणजे तुमचं कलम मी मान्य करून बसलो होतो, फक्त ते त्याला लागू होत नाही एवढंच माझं म्हणणं. चौथीतल्या पोरानं ते एका वाक्यात उलटवलं. म्हणून वर जे मागितलं त्यात एक भर घालतो. ज्यांच्या बाबतीत तुमची खात्री आहे की ते खबर देत होते, त्यांचीही नावं लिहा. त्यांनी काय खबर दिली, आणि तेवढ्यासाठी काय केलंत, तेही. ती यादी लपवू नका. ती मला जास्त वाचायची आहे.

सरकारनं ३१ मार्च २०२६ ही तारीख दिली होती, त्या आत नक्षलवाद संपवायचा. मे २०२५ मध्ये तुमचे सरचिटणीस बसवराजू अबुझमाडमध्ये मारले गेले, नोव्हेंबरमध्ये तुमचा कमांडर हिडमा मारला गेला. जी माणसं सांगू शकली असती ती एकेक कमी होत चालली आहेत, आणि जी उरली त्यातले बरेच तुम्ही आहात. तुमच्या मेलेल्यांची लाल स्मारकं गावोगाव उभी राहिली. पोलिसांनी पाडली तरी तुम्ही पुन्हा बांधलीत. आमच्या गावात असं एक होतं, शाळेच्या मागच्या वळणावर, पोरं त्यावर चढून उड्या मारायची. येनाच्या झाडाखाली काही नव्हतं. माडिया मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात, तुम्हाला माहीत आहेच. त्याच्यासाठी केला नाही. दगड म्हणजे गावजेवण, गावजेवण म्हणजे आजूबाजूचे सोयरे जमणार, आणि खबरीच्या दगडाला जमलेली माणसं कोण कोण, हे कुणीतरी लांबून बघणार. बाई म्हणाली, राहू द्या.

आता करायचं ठरलंय. मोहफुलं वेचून झाली की, तेंदूच्या आधी. दगड नदीच्या अलीकडच्या टेकडीवरून आणायचा आहे, चौघांना उचलायला जड जाईल असा पाहून ठेवलाय. मला बोलावणं आलं आहे.

उत्तर पाठवलंत तर तोपर्यंत पाठवा. मराठीत, हिंदीत, तेलुगूत, कसंही. बाईला अजून वाचता येत नाही. मुलगा म्हणाला, कागद आला तर तुम्हीच वाचायचा, गुरुजी, मी बाजूला उभा राहीन.

एक निवृत्त शिक्षक,
जिल्हा गडचिरोली